तुम्ही विचारलंत म्हणून: मियाटामध्ये सबवूफर कशाला?

मंडळाच्या गणपतीत, कुणाकडे जेवायला गेलो की, नाहीतर ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, प्रश्न तोच. (मियाटा म्हणजे माझी माझदाची दोन सीटची, छत उघडणारी छोटी गाडी; सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर आणि ॲम्प म्हणजे त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर.) "एवढी छान मियाटा, त्यात सबवूफर आणि ॲम्प कशाला बसवलास? स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन ऐकायचं ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यापुढे मिरवणुकीतली डीजेची भिंत असते हे मला कळतं आणि मग मी काहीतरी तुटक बोलून विषय बदलतो. आता एकदाच सगळं लिहितो.

मला दणदणाट नकोय हो. मला डग्गा ऐकायचाय, तबल्या-पखवाजाच्या डाव्या बाजूचा खर्ज. मी भजनी मंडळात पखवाजाच्या शेजारी बसून मोठा झालोय, डाव्या पुडीला कणीक लावली की जो घुमारा येतो तो कानाआधी पोटात कळतो. अभंगाच्या रेकॉर्डिंगमधून तेवढा काढून घ्या, मागे टाळ उरतात आणि गवयाचा वरचा सूर, भजन उरत नाही. माझी 1990 ची गाडी, दारात दोन स्पीकर आणि हेडरेस्टमध्ये बारके बारके. छत लावून घरापुढे उभी असताना बरं वाजायचं. छत उघडून पार्कवेला, म्हणजे इथल्या न्यू जर्सीतल्या हायवेला, लागलं की डग्गा गायब.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. वाऱ्याचा आणि टायरचा आवाज बराचसा खालच्याच पट्टीतला असतो, बंद गाडीत केबिन खर्जाला जी मदत करते ती छत उघडलं की संपते, आणि आपला कानच मुळात खर्जाला मंद, ते फ्लेचर आणि मनसन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय. त्यात इंजिन. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला 100 स्फोट करतं, म्हणजे 100 हर्ट्झ, बरोबर डग्ग्याच्या जागेवर. तुम्ही ज्या इंजिनाचं कौतुक करता तेच माझा डग्गा खातं. व्हॉल्यूम वाढवला तर फक्त टाळ कानात घुसतात. त्या खालच्या आवाजासाठी वेगळा स्पीकर आणि त्याला ताकद द्यायला वेगळा ॲम्प, एवढंच कारण आहे.

आणि हो, "त्या दिवशी काय झालं म्हणे?" हेही विचारता, तर तेही.

काम एका दुकानात दिलं होतं, नाव लिहीत नाही. स्वस्तातलं दुकान नव्हतं, हे आधीच सांगतो, कारण लगेच तेच म्हणतात लोक. या गाडीची बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात, आणि डिकी आणि सीटांच्या मध्ये, मागच्या फळीखाली, पेट्रोलची टाकी. त्यांनी ॲम्प त्या फळीवर बसवला आणि बॅटरीकडून वायर आणायला मधल्या पत्र्याला नवीन भोक पाडलं. संध्याकाळची वेळ, छत उघडं, ही शेजारी, अभंग लागलेला. आवाज एकदम बंद झाला. मी बटणं दाबतोय तेवढ्यात ही म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय." प्लास्टिकचा वास. मी पहिली एक्झिट घेतली तर समोर पेट्रोल पंप, तो सोडून तसाच पुढे गेलो आणि एका बंद बँकेच्या मोकळ्या लॉटमध्ये गाडी लावली. हिला म्हटलं लांब जा, ती जाईना, शेवटी ओरडलो तेव्हा रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, हातात तिची पर्स आणि माझा फोन. डिकीतलं कार्पेट ओढलं. लाल वायर पत्र्याच्या भोकातून जिथे जात होती तिथे तिचं आवरण सोलून वितळलेलं, भोकाची कड धारदार, भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं, ग्रोमेट, नाहीच. आतल्या तारासुद्धा तांब्याच्या नव्हत्या, वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम, सोललेल्या जागी पांढुरकं दिसत होतं. फ्यूज होता, पण ॲम्पच्या टोकाला! म्हणजे बॅटरीपासून त्या भोकापर्यंत वायर कशाला टेकली तर अडवणारं मध्ये काहीच नाही, बॅटरी द्यायचा तेवढा करंट देत राहणार. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढताना हात इतके थरथरत होते की पाना नटावर बसेना. टाकी तिथून वीतभर असेल.

दुकानदार म्हणाला व्हायब्रेशनने होतं असं कधी कधी. पैसे परत दिले नाहीत. पैशाचं सोडा, रस्त्याच्या कडेला उभी असलेली ती आठवली की अजून माझा घसा कोरडा पडतो.

मग सगळं उचकटून मीच परत केलं. ॲम्प डिकीत बॅटरीच्या बाजूला प्लायवर, पेट्रोल टाकीच्या भिंतीला एकही स्क्रू नाही. वायर शुद्ध तांब्याची, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात (18 इंचांच्या आत हवा, हा कार ऑडिओवाल्यांचा नियमच आहे), जिथे पत्रा तिथे ग्रोमेट. ग्राउंडला (ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात ती जागा) रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, कारण न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ग्राउंड गंजला की स्पीकरमधून शिट्टी सुरू. आठ इंची सबवूफर, सीलबंद चपट्या बॉक्समध्ये, शेजारच्या सीटच्या पायाशी. आता पार्कवेवर छत उघडं असताना डाव्या हाताची घिस्सी (तळहात पुडीवर घासून काढलेला आवाज) लागलेली कळते. कुणाला खोटं वाटत असेल तर या, बसा, ऐका.

गाडी घेतली तेव्हा मात्र मीच म्हणायचो की यातला रेडिओपण काढून टाकावा. हजार किलोच्या आतली गाडी, वजनाचा तोल साधावा म्हणून बॅटरी मागे नेलेली, आणि त्यात आपण खोके भरायचे? त्या वेळच्या मला आजही उत्तर नाही देता येत. डेलावेअर नदीकाठच्या वळणांवर मी सगळं बंद करतो आणि तिथे त्याचंच बरोबर वाटतं. घरी येताना पार्कवे लागतो, मग माझं बरोबर वाटतं.

हिला फ्यूज दाखवला, ग्रोमेट दाखवले, सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "आणि ते खोकं माझ्याच पायाशी ठेवलंस ना." त्यानंतर ती त्या गाडीत बसलेली नाही. तुम्ही म्हणाल मग काढून टाक. काढलं तर ती बसेल याची मला खात्री नाही, आणि ठेवलं तर बसणार नाही हे तर दिसतंच आहे. हिवाळ्यात गाडी गॅरेजमध्ये गेली की ग्राउंड पुन्हा साफ करायचाच आहे, बॉक्सचं काय ते तेव्हा बघू.