दोरी सोडली, साखळी धरली

रविवारी फुटबॉलमध्ये नांदेडच्या पोरांकडून ४-१ नं हरलो. चारपैकी तीन गोल एकाच वाटेनं खाल्ले, त्यामुळे मागच्या नोंदीत तिघा बचावपटूंच्या कमरेला बांधायच्या ज्या दोरीचं एवढं कौतुक केलं होतं, ती आता बंद.

तिन्ही वेळा तेच. चेंडू आमच्या उजव्या कडेला. उजवा बॅक (उजवीकडचा बचावपटू) चेंडूवाल्याच्या अंगावर गेला, बरोबर. सेंटरचा पोरगा त्याच्या मागं तिरका सरकला, तेही बरोबर. डावा बॅक मात्र त्यांच्या विंगरला (कडेनं चढाई करणाऱ्याला) चिकटून पार पलीकडच्या रेषेवर. मधून बैलगाडी जाईल एवढी वाट, आणि त्यांच्या दहा नंबरला ती बरोबर दिसली. सामन्यानंतर डाव्या बॅकला विचारलं, तर म्हणाला, "सर, मी आत आलो तर माझ्या माणसाला कोण धरायचं?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. 'आपला माणूस सोडायचा नाही' हे तीन महिने मीच त्याच्या डोक्यात भरलं होतं.

दोरी कुठं फसली तेही आता कळलंय. कमरेला बांधली की तिघांतलं अंतर राहतं, पण तिघे एका रेषेत ओढले जातात. अंगावर गेलेल्याच्या मागं पाच-सहा पावलं तिरकं थांबायचं असतं, ते दोरी होऊच देत नाही. शिवाय पोरांचं लक्ष चेंडूपेक्षा दोरीच्या ताणावर. सोडली की दहा मिनिटांत पुन्हा पहिल्यासारखं.

मंगळवारी मी पोचलो तेव्हा पोरं कबड्डी खेळत होती. चढाईवाला डाव्या कोपऱ्याकडं वळला, तशी अख्खी साखळी हात धरून त्याच्या बाजूला फिरली. उजवा कोपरा तर मध्यापर्यंत आत आला. 'माझा माणूस' हा प्रश्नच नाही, कारण माणूस एकच आणि तो सगळ्यांचा. ह्या पोरांना हे पाचवीपासून येतंय, आणि मी दोऱ्या बांधत बसलो होतो!

लगेच फक्कीनं मैदानाचे तीन उभे पट्टे पाडले. (खुणेला ठेवायचे कोन आता विकत घेणार नाही. ऑनलाइन मागवलेले एका उन्हाळ्यात तडकले. आमच्या काळ्या मातीच्या भेगांवर फक्कीच बरी.) नियम एकच: चेंडू उजव्या पट्ट्यात असेल तर डाव्या पट्ट्यात आपलं कुणी नको. आधी हात धरून, मग दोघांत एक दस्ती (रुमाल), दोन टोकं दोघांच्या हातात, मग मोकळं. दस्तीला ताण नसतो, त्यामुळे तिरकं उभं राहता येतं.

डाव्या बॅकचा प्रश्न तरी उरलाच होता. त्याला मधल्या पट्ट्यात उभं केलं आणि मी स्वतः उजवीकडून विंगरला उंच चेंडू मारला. "चेंडू हवेत आहे तोवर पळ." विंगरनं छातीवर घेऊन खाली पाडेपर्यंत हा समोर हजर. पाच वेळा मारला, पाचही वेळा पोचला. मग त्यालाच विचारलं, तुमच्या वयात एका फटक्यात इथून तिथं किती जण मारू शकतात? हसला. तेरा वर्षांखालच्या नऊ-नऊ जणांच्या खेळात असा पाय क्वचितच.

शेवटी इटलीच्या एसी मिलान संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक अरिगो साक्की यांचा खेळ. मिलानच्या सरावात गोलकीपर आणि चार बचावपटू एकीकडं, समोर गुलिट, व्हॅन बास्टेन हे नावाजलेले आक्रमक धरून दहा जण, वेळ पंधरा मिनिटं. चेंडू गेला की दहांनी पुन्हा मागून सुरुवात करायची. साक्की सांगतात, गोल कधीच झाला नाही. त्याच संघानं १९८९ आणि १९९० ला युरोपियन कप जिंकला. आम्ही कीपर आणि तिघे विरुद्ध सहा, आठ मिनिटं असं लावलं. पहिल्या फेरीत तीन गोल, दुसऱ्या फेरीत एक, तिसऱ्या फेरीत एकही नाही. तिसरी संपली तेव्हा तिघे न सांगता हात धरून उभे होते.

पुढच्या आठवड्यात ऑफसाइडचा सापळा (बचावफळीनं एकदम पुढं सरकून समोरच्याला ऑफसाइड पकडणं) घेणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी हाक शिकवावी. अंगावर कुणी जायचं हे अजून दोघे एकमेकांकडं बघूनच ठरवतात, आणि त्यात अर्धा सेकंद जातो. मागं तिरकं थांबून कव्हर करणाऱ्यानं "जा!" म्हणायचं, मग पुढच्यानं जायचं. सापळा पुढं ढकलला. शनिवारी साडेपाचला पट्टे पुन्हा मारतो, ह्या वेळी मधल्या फळीचे दोघेही साखळीत.