मॉलखालचं मैदान

मिनियापोलिसला कुणाचेही आई-बाबा आले की त्यांची मॉल ऑफ अमेरिकाची वारी ठरलेली. बाहेर उणे वीस, आत शर्टावर फिरता येतं. गेल्या जानेवारीत बाबांना सांगितलं, या मॉलच्या जागी पूर्वी मेट्रोपॉलिटन स्टेडियम होतं. १९८१पर्यंत इथला व्हायकिंग्ज संघ अमेरिकन फुटबॉल खेळायचा तो इथेच, उघड्यावर. प्रशिक्षक बड ग्रँट मैदानाच्या कडेला शेगडीसुद्धा लावू देत नसत.

"तालमीतले वस्तादच म्हणायचे," बाबा म्हणाले.

त्यांची हयात साताऱ्याच्या कोर्टात गेली. म्हणून मी मुद्दाम ॲलन पेज यांचा विषय काढला. पेज १९६७ साली या संघात आले. १९७१मध्ये लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावफळीतल्या कुणाला तो मान तोवर मिळालाच नव्हता. चार वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना गाठला, चारही वेळा संघ हरला. खेळातली निशाणी म्हणजे त्यांची करंगळी. जवळपास काटकोनात वाकलेली! मी फोनवर फोटो दाखवला तर बाबा स्वतःचीच करंगळी चाचपू लागले.

खेळता खेळताच ते कायदा शिकत होते. शिवाय धावण्याचा नाद लागला आणि वजन घटलं. संघाला त्या जागेवर आडदांड गडी हवा होता. १९७८मध्ये, कायद्याची पदवी मिळाली त्याच वर्षी, त्यांना काढून टाकलं. पेज शिकागो बेअर्सकडे गेले आणि आणखी तीन वर्षं खेळले. इतका नावाजलेला माणूस आणि ही वागणूक. मला अजून पटत नाही.

पुढे वकिली, आणि १९९२मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवड. तिथले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

"निवड म्हणजे? मतं मागून?"

इथे न्यायाधीशही निवडणूक लढवतात, हे काही बाबांच्या पचनी पडेना. २०१५मध्ये सत्तरी झाली म्हणून नियमाप्रमाणे पेज निवृत्त झाले, हे मात्र लगेच पटलं. त्यांच्या संस्थेची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांना लहान मुलांना शिकवावं लागतं, ते तर फारच आवडलं.

परतताना गाडी मुद्दाम दक्षिण मिनियापोलिसमधल्या त्यांच्या नावाच्या शाळेवरून घेतली. बाबांनी बर्फात उतरून पाटीसमोर फोटो काढून घेतला आणि कोर्टातल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मा. न्यायमूर्ती पेजसाहेब यांची शाळा.'

फुटबॉलचा उल्लेख नाही.