जुन्या गाडीचं बाहेरचं हँडल: सगळा खेळ बटणामागच्या फटीचा

दाराचं बाहेरचं हँडल बदलायचं आहे? बटण दाबून उघडणारं हँडल बहुतेक जुन्या गाड्यांत दोन स्क्रूंवर बसलेलं असतं आणि ते स्क्रू दाराच्या आतून असतात. काच पूर्ण वर करा, मग आतलं हँडल आणि काच वर-खाली करायचा दांडा काढा. दांडा क्लिपवर असेल तर त्याच्यामागे सुती फडक्याची पट्टी घालून ती मागेपुढे ओढा. क्लिप निघते, पण उडतेही, म्हणून दुसरा हात आडवा धरा. पॅनल (दाराचं आतलं आवरण) उचकटताना उचकटायची पट्टी अगदी त्याच्या क्लिपशेजारीच घाला, नाहीतर जुना हार्डबोर्ड हमखास फाटतो. पॅनलमागचा प्लास्टिकचा पडदा जपून ठेवा. तो नसेल तर दारात शिरलेलं पाणी पॅनल कुजवतं.

गंजलेल्या स्क्रूवर जोर करू नका. हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, त्यातले आटे लगेच मरतात. पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं पातळ तेल) सोडून रात्रभर थांबणं स्वस्त पडतं. शक्यतो जुनेच स्क्रू वापरा. १०-३२ यूएनएफ (अमेरिकन), २ बीए (ब्रिटिश) आणि एम५ (मेट्रिक) या मापांच्या स्क्रूंचे आटे इतके जवळचे आहेत (सगळ्यांत दोन आट्यांमधलं अंतर साधारण ०.८ मिमी) की चुकीचा स्क्रूसुद्धा पहिले दोन फेरे गुमान जातो आणि मग आटे खातो. लांब स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो: पाना घट्ट लागतो, हँडल मात्र हलतंच.

जुनीच किल्ली चालवायची असेल तर कुलपाचा गाभा जुन्या हँडलमधून नव्यात घाला. स्प्रिंग आणि वॉशरचा क्रम उघडण्याआधी फोटोत टिपून ठेवा.

आता मुख्य काम. बटणाच्या मागच्या टोकाला चेकनटवाला (स्क्रू जागेवर पक्का धरणाऱ्या नटचा) स्क्रू असतो, तो लॅचची, म्हणजे दार बंद धरणाऱ्या खटक्याची, पट्टी ढकलतो. बटण न दाबता या दोघांत साधारण १ ते १.५ मिमी फट हवी. फट नसेल तर लॅच कायम अर्धवट दाबलेलं राहतं आणि खड्ड्यात दार उघडू शकतं. जास्त असेल तर बटण तळाला जातं तरी दार उघडत नाही. नवं हँडल जुन्यासारखं दिसलं तरी हे माप क्वचितच जुळतं, म्हणून आधी कॅलिपरने दोन्ही हँडलांवर ते मोजा. मग स्क्रूच्या टोकाला प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवून हँडल गॅसकेटसकट (हँडल आणि पत्रा यांमधलं रबर) बसवा, पुन्हा काढा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. तीच फट.

गॅसकेट टाळू नका. क्रोम थेट रंगावर टेकलं की तिथे पाणी साचतं आणि पत्रा आतून फुगतो.

चाचणी दार उघडं ठेवूनच घ्या. स्क्रू ड्रायव्हरने लॅच बंद स्थितीत फिरवा, बटण दाबा. लॅच झटकन सुटलं पाहिजे. कुलूप लावून दाबलं तर सुटता कामा नये. हे न बघता दार लावलं आणि लॅच सुटलंच नाही, तर बंद दाराचं पॅनल काढत बसावं लागतं.

पॅनल लगेच कायमचं बसवू नका. नवं रबर काही दिवसांत दबतं, हँडल तेवढं आत सरकतं आणि फट कमी होते. स्क्रू पुन्हा आवळून एकदा माप घ्या, मगच क्लिपा ठोका.