२८ पराभव आणि आमची वही : माझा अनुभव

"धीर धर, पोरं लहान आहेत." एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट पिस्टन्सची मॅच बघणाऱ्या माणसाने २०२१ ते २०२४ या काळात हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, याची गणती नाही. ऑफिसात ऐकलं, शेजाऱ्याकडून ऐकलं, टीव्हीवर तर रोजच. आता टीम जिंकायला लागल्यावर तीच मंडळी म्हणतात, बघ, धीराचं फळ मिळालं. हे मला मुळीच पटत नाही, आणि म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. धीर आमच्याकडे सुरुवातीपासून होता. पोरांच्या भोवती जे हवं होतं ते नव्हतं.

मी मूळची नागपूरची. शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळले, नंतर नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये आले, आता नोव्हायला राहते. मुलगा इथलाच. २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्यात, पिस्टन्सचा पहिला नंबर लागला आणि त्यांनी केड कनिंगहॅमला घेतलं, त्या दिवसापासून आम्ही दोघं या टीमला चिकटलो. पुढच्या वर्षी पाचव्या क्रमांकावर जेडन आयव्ही आला आणि त्याच रात्री अदलाबदलीतून जेलन डुरेन. डुरेन तेव्हा १८ वर्षांचा होता, त्या सीझनमध्ये अख्ख्या एनबीएत सगळ्यात लहान. केडच्या नडगीचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या वर्षी तो फक्त १२ मॅच खेळला. टीम १७ जिंकली, ६५ हरली. ते वर्ष आम्ही सहज सोडून दिलं, हरण्याचं कारण समोर दिसत होतं.

अडकलो ते २०२३-२४ला.

सुरुवात चांगली झाली होती. २८ ऑक्टोबरला शिकागोला हरवलं, तीन मॅचमध्ये दोन विजय. मुलाने फ्रिजवर वेळापत्रक लावलं आणि त्या दोन तारखांना हिरवा गोल केला. त्यानंतर हिरवा पेन दोन महिने ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

पाच हरलो, सात हरलो, दहा हरलो. इथे मॅच रात्री साडेनऊच्या सुमारास संपते, तेव्हा नागपुरात सकाळचे आठ. बाबा चहा घेऊन फोन करायचे, "काय गं, आज तरी?" पहिल्या काही दिवसांत मी कारणं सांगायची. केड थकला होता, आयव्ही बेंचवर होता, शेवटच्या चार मिनिटांत बॉल हातातून गेला. पुढे पुढे बाबा विचारेनासे झाले. हवामान विचारायचे. ते जास्त लागायचं.

माझा राग पोरांवर नव्हता. बास्केटबॉल खेळलेल्या कुणालाही दिसत होतं काय चाललंय ते. केड बॉल घेऊन आत शिरला की समोर तीन माणसं उभी. का, तर बाहेर थांबून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारणारा भरवशाचा माणूसच नाही, मग प्रतिस्पर्धी बाहेर कशाला जातील? सगळे रिंगखाली जमा व्हायचे. ऑसार थॉम्पसन त्या वर्षीचा नवा मुलगा, उडी अशी की बघत राहावं, पण त्याचे थ्री शंभरात १९ सुद्धा पडत नव्हते. डुरेनला पास द्यायला जागा नाही. आणि सुरुवातीचे पाच कोण, कुणाला किती मिनिटं, हे दर आठवड्याला बदलायचं. आयव्हीसारखा पाचव्या क्रमांकाचा मुलगा दुसऱ्या वर्षी बेंचवरून येत होता. एखाद्या दिवशी २५ मिनिटं, एखाद्या दिवशी १५. विशीतल्या मुलाला उद्या आपलं काम काय हेच माहीत नसेल तर तो शिकणार कसा? याला मी धीर म्हणत नाही. हे नुसतं ताटकळत ठेवणं झालं.

वहीची गोष्ट इथली. दहावा की अकरावा पराभव असेल. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "आई, बघायचंच कशाला?" मी त्याची शाळेची एक कोरी वही घेतली आणि प्रत्येक खेळाडूला एक पान दिलं. नियम एकच: स्कोअर लिहायचा नाही. प्रत्येकाची एकच गोष्ट मोजायची. केडच्या पानावर हातातून गेलेले बॉल, डुरेनच्या पानावर स्क्रीन लावताना (सोबत्याच्या मागे लागलेल्याची वाट अडवताना) तो हलला की स्थिर राहिला, ऑसारच्या पानावर रिंगवर आदळून उडालेले किती बॉल त्याने दुसऱ्याच्या डोक्यावरून काढले. ती वही अजून आहे. नोव्हेंबरच्या पानांवर त्याचं अक्षर मोठं नि वाकडं, रेघांबाहेर जाणारं. डिसेंबरात ते लहान होतं, आणि समासात बारीक बारीक शेरे येतात: "डुरेन थांबला!!", "केड डावीकडून पण जातो". टीम हरतच होती, पण पानं भरत होती. ज्यांची टीम अशा काळातून जातेय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, एक वही करा. मुलं असतील तर त्यांच्या हाती द्या.

२१ डिसेंबरला आम्ही युटाविरुद्धची मॅच बघायला लिटल सीझर्स अरेनात गेलो. २५वा पराभव. शेवटी शेवटी लोक ओरडायला लागले, टीम विका, टीम विका. सबंध अरेना घुमत होता. मुलाने माझ्याकडे पाहिलं, आपणही ओरडायचं का म्हणून. मी नको म्हटलं. खाली टॉवेल खांद्यावर टाकून बसलेली पोरं २०-२२ वर्षांची होती, त्यांना ते ऐकू जात होतंच. २६ तारखेला ब्रुकलिनकडून हरलो, सलग २७वी मॅच. एकाच सीझनमध्ये इतक्या सलग मॅच त्याआधी कुणीच हरलं नव्हतं. त्या दिवशी केडने ४१ पॉइंट केले होते. ४१ करून हरायचं म्हणजे काय होत असेल त्या मुलाचं! २८ तारखेला बॉस्टनमध्ये मध्यंतराला १९ची आघाडी होती. मी बाबांना फोन लावायला काढला आणि परत ठेवला. जादा वेळेत हरलो, १२८-१२२.

३० डिसेंबर, शनिवार. टोरोंटो. आमच्याकडे तिकिटं होती, जायचं की नाही यावर घरात वाद झाला, शेवटी गेलो. शेवटचा अर्धा मिनिट मी बसूच शकले नाही. १२९-१२७. केडचे ३० पॉइंट, १२ असिस्ट (ज्यावर सोबत्याने बास्केट केला असे पास). आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, अंगात २००४च्या विजेत्या टीमची जर्सी, धुऊन धुऊन विटलेली. ते दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मुलाने वही उघडली आणि पहिल्यांदाच नियम मोडून स्कोअर लिहिला. मी काही बोलले नाही.

लॉटरीवर, म्हणजे ड्राफ्टमध्ये आधी कुणी निवडायचं हे ठरवणाऱ्या सोडतीवर, आस लावू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. सगळ्यात खाली राहिलेल्या टीमला तेव्हा पहिल्या क्रमांकाची शक्यता फक्त १४ टक्के होती, आणि पाचव्या क्रमांकावर घसरण्याची जवळजवळ ४८ टक्के. आम्ही २०२३ला तळाला होतो, पाचवे झालो. त्या वर्षी पहिला निवडला गेलेला वेम्बन्यामा सॅन अँटोनिओला गेला. २०२४ला पुन्हा तळाला, १४ विजय आणि ६८ पराभव, पुन्हा पाचवे. हरण्यातून काही मिळतं हा हिशोबच कच्चा आहे.

शिवाय वेळ अमर्याद नसतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, त्यातली शेवटची दोन क्लबच्या मर्जीवर. किलियन हेज २०२०ला सातव्या क्रमांकावर आला, फ्रान्सचा, १९ वर्षांचा. पहिल्याच सीझनमध्ये कंबरेच्या सांध्याला दुखापत. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याला सोडून दिलं. त्याचंही पान आमच्या वहीत आहे, निम्मं भरलेलं. त्याच्या शेजारी सुरुवातीपासून एखादा जाणता गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा) असता तर, असं मला अजून वाटतं.

२०२४च्या उन्हाळ्यात व्यवस्थापन बदललं, कोच बदलले, जे. बी. बिकरस्टाफ आले. पोरं बहुतेक तीच राहिली. त्यांच्याभोवती टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर आणि मलिक बीझली ही अनुभवी माणसं आणली. बीझलीने त्या सीझनमध्ये ३१९ थ्री मारले. आता केड आत शिरला की बाहेरच्या माणसांना सोडून कुणी आत यायला धजेना. रस्ता मोकळा. ऑसारचा शॉट सुधारायला फ्रेड विन्सन नावाचे खास कोच ठेवले. २०२५च्या पहिल्याच दिवशी आयव्हीचा पाय मोडला, तरी टीम कोसळली नाही. १४ विजयांवरून ४४. एका वर्षात विजय तिप्पट करणारी एनबीएतली ही पहिली टीम. केडची सरासरी २६ पॉइंट आणि नऊ असिस्ट. मुलगा मागच्या वर्षीचं केडचं पान काढून शेजारी ठेवायचा आणि मला दाखवायचा.

एक सांगायचं राहिलं. मुलांना मोठ्या अरेनात नेण्याआधी मोटर सिटी क्रूझच्या मॅचला न्या. पिस्टन्सची ही जी-लीगची, म्हणजे एनबीएच्या खालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीगची टीम वेन स्टेट विद्यापीठात खेळते. तिथे इतकं जवळ बसता येतं की कोच काय ओरडतात ते ऐकू येतं. सुधारणा कशी होते ते आम्हाला तिथे कळलं: चूक झाली, शिट्टी वाजली, खेळाडू बाहेर आला, दोन वाक्यं ऐकली, परत आत गेला.

२१ एप्रिल २०२५. न्यूयॉर्कविरुद्ध प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) दुसरी मॅच, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. प्लेऑफमध्ये आम्ही सलग १५ मॅच हरलेलो, शेवटचा विजय २००८चा. ९४-९४ असताना, एका मिनिटापेक्षा कमी वेळ उरला असताना डेनिस श्रोडरने थ्री टाकला. तोही अनुभवी, फेब्रुवारीतच आलेला. १००-९४. केडचे ३३ पॉइंट.

नागपुरात तेव्हा सकाळचे साडेसात वाजले असतील. या वेळी फोन मी केला. बाबांनी मॅच बघितली होती, आवाज बसलेला होता. थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "बरं, तो नवा पोरगा, हॉलंड, त्याचं पान केलंय का वहीत?"

मुलगा तेव्हा त्याच पानावर रेघा मारत बसला होता.