जुन्या मार्लिनचा लिव्हर हलका करताना

आमच्या चोपड्याकडे बंदूक म्हटली की डोळ्यासमोर येते बारा बोअरची दुनाळी, फार तर सरकारी आयुध कारखान्याची .३१५ ची रायफल. मला मात्र लिव्हर-ॲक्शनच हवी होती, म्हणजे ट्रिगरखालचा दांडा (लिव्हर) ओढून काडतूस भरायची रायफल. खरं मन विंचेस्टर १८९२ वर होतं. जॉन ब्राउनिंगनं केलेली ती रचना हातात धरली की सोडवत नाही. पण तिची .४४-४० ची काडतुसं इथं आणायची कुठून? खासगी आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे देशात जी जुनी विलायती हत्यारं आहेत तीच या हातातून त्या हातात फिरतात, आणि भावही तसेच चढे. म्हणून .२२ ची मार्लिन, आखूड नळीची कार्बाईन. तिची काडतुसं आपल्याकडेच बनतात, आणि रेंजवर सरावाला परवडतात.

लायसनचं फार सांगत नाही. अर्ज, पोलीस चौकशी, मेडिकल, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. फाईल नीट लावली तर चालते. विकणारा पारोळ्याकडचा, कापसाच्या धंद्यातला माणूस. एका परवानाधारकानं दुसऱ्याला हत्यार विकायचं तर आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पैसे मोजले आणि बंदूक खांद्यावर टाकून निघालो, असं होत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्येच ते लिहिलेलं आहे. मला ती मुदत बरी वाटली. तेवढ्या काळात नाना (विकणारे) हत्यार मोकळेपणानं दाखवत राहिले, आणि मी प्रत्येक वेळी लिव्हर ओढून पाहत राहिलो.

लिव्हर जड होता. उघडताना अर्ध्यात अडायचा, मग एकदम सुटायचा. नाना म्हणाले, "वापरात नाही ना, म्हणून." अर्धं खरं होतं ते.

जडपणा नेमका कुठं आहे हे काही न उघडताही बरंच कळतं. हत्यार रिकामं आहे याची दोनदा खात्री करायची. घोडा खाली असताना लिव्हर ओढायचा, मग घोडा चढलेला ठेवून पुन्हा ओढायचा. लिव्हर उघडताना मागे सरकणारा बोल्टच (काडतुसामागचा सरकता तुकडा) घोड्याला मागे दाबून चढवतो, म्हणून पहिली ओढ जड असणारच. दुसरी ओढ हलकी लागली तर भार घोड्याचा आणि त्याच्या स्प्रिंगचा. दोन्ही सारख्याच जड असतील तर बोल्टच्या वाटेतच काहीतरी आहे. माझ्या कार्बाईनचा दुसरा प्रकार होता. आणि हो, .२२ चा घोडा रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसायच्या जागेवर) आपटत बसू नये. ही रिमफायर, पिन काडतुसाच्या कडेवर बसते, काडतूस नसलं की थेट चेंबरच्या काठावर. तिथं खड्डा पडला की पुढची सगळी कटकट.

हत्यार लायसनवर चढल्यावर ते परवानाधारक मिस्त्रीकाकांकडे नेलं. घरी कानस घेऊन बसायचा विचार कोणी करू नये. दुरुस्तीलाही कायद्यानं परवाना लागतो, आणि ते बरंच आहे.

या मार्लिनची खुबी म्हणजे उजव्या बाजूचा एक मोठा स्क्रू. तो काढला की हत्याराचे दोन भाग होतात आणि बोल्ट हातात येतो. आत काय होतं? ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं आणि त्यात कापसाचे तंतू अडकलेले. कधी काळी कोणीतरी भरपूर ग्रीस थापून कपाटात ठेवली असणार. काकांनी सगळे भाग रॉकेलमध्ये टाकले, ब्रशनं घासले, कोरडे केले. बोल्ट नुसता त्याच्या खाचेत सरकवून पाहिला तर निम्म्याहून जास्त काम तिथंच झालं होतं.

उरलेलं काम ऑइल स्टोनचं, म्हणजे तेल लावून घासायच्या बारीक दगडाचं. बोल्टच्या खालच्या अंगाला, जिथं घोडा घासत जातो तिथं, आणि लिव्हरच्या टोकाला यंत्राचे जुने चरे होते. काकांनी फक्त चऱ्यांची धार मोडली. धातू खाल्ला जाईल इतकं घासलंच नाही. मी सहज विचारलं, ट्रिगरही जरा हलका होईल का? त्यांनी घोड्याच्या पायाशी असलेल्या खाचेवर बोट ठेवलं. "आठे हात लावाना नही, भाऊ." घोडा चढलेला धरून ठेवते ती हीच खाच. तिचा कोन केसभर बिघडला तर हत्यार धक्क्यानंही सुटू शकतं. स्प्रिंग कापून हलकी करण्यालाही त्यांचा नकार. रिमफायरला फटका सणसणीत लागतो, नाहीतर बार फुसका जातो.

शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात काळ्या मातीची धूळ. जाड ग्रीस लावलं की पुन्हा तेच. आता लिव्हर एका लयीत खाली जातो आणि रिकामं केस बाजूला नीट उडतं. शेवटच्या इंचाला किंचित अडतो, पण ते काडतूस वर उचलणाऱ्या कॅरिअरचं. काकांच्या मते तो वापरानंच बसेल, मलाही तसंच वाटतं. समोरची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) मात्र झिजलेली आहे आणि तिची जोड अजून मिळालेली नाही. निवडणूक आली की हत्यार जमा करायला सांगतात, तेव्हा या वेळी आधी साफ करून, पातळ तेल लावूनच देणार आहे.