एल्डन रिंग: वळसा घालायला शिकलो तेव्हा तरलो

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला तेव्हा मी घेतला नव्हता, कारण जो तो सांगत होता की फार अवघड आहे आणि त्यात ईझी मोडच नाही. मी तोवर क्रिकेट आणि रेसिंगचे गेम खेळणाराच माणूस. मग एका सेलमध्ये घेतला आणि पहिले तीन दिवस असे गेले की अनइन्स्टॉल करायच्या बेतात होतो. आता दीडशेच्या वर तास झालेत. नवीन कोणी सुरू करत असेल तर पहिले दहा-पंधरा तास कसे काढायचे तेवढं सांगतो, कारण बरेच लोक तिथेच सोडतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

सुरुवातीला दहा क्लास दिसतात, म्हणजे कुठलं पात्र घेऊन खेळायचं ते. मी सामुराई घेतला, तलवार चांगली मिळते आणि सोबत धनुष्य असतं म्हणून. व्हॅगाबाँड पण नवख्यांसाठी मस्त आहे, ढाल चांगली असते. रेच मात्र घेऊ नका, तो लेव्हल १ ला जवळपास उघडाच सुरू होतो. अगदी पहिल्यांदा एक खूप हातांचा राक्षस येतो आणि मारून टाकतो, तिथे मेलात तर काही बिघडत नाही, गोष्टच तशी आहे. त्यानंतर गुहेत खुर्चीवर बसलेलं एक भूत दिसेल, त्याच्या शेजारच्या खड्ड्यात उडी मारा. तिथेच ट्युटोरियल आहे आणि कितीतरी जण खड्डा बघून घाबरून पुढे निघून जातात.

तर गुहेतून बाहेर आलो, लिमग्रेव्ह, म्हणजे गेममधला पहिला प्रदेश. समोर सोनेरी झाड, हिरवं माळरान, इतकं सुंदर की मी दोन मिनिटं नुसता उभा. आणि रस्त्यात सोनेरी चिलखतातला तो घोडेस्वार, ट्री सेंटिनेल. मला वाटलं हा पहिला शत्रू आहे म्हणजे याला मारूनच पुढे जायचं असणार, बाकी सगळ्या गेममध्ये तसंच असतं ना. दोन संध्याकाळी त्याच्यावर घालवल्या, दोन फटक्यात मी आडवा. शेवटी मावसभाऊ घरी आला होता, बारावीतला आहे, तो मागून बघत होता आणि म्हणाला, "दादा, तू त्याच्याशी लढतोयस कशाला? बाजूने जा ना." मी म्हटलं, जाता येतं? तर हो, झाडीतून वळसा घालून सरळ जाता येतं. मला खरा गेम तिथे कळला. इथे कोणी अडवून धरलेलं नाही, जड जातंय तर दुसरीकडे जा, जरा दमदार होऊन परत ये. तो मुद्दाम तिथे उभा केलाय, हेच शिकवायला.

पुढे चर्च ऑफ एलेमध्ये कॅले नावाचा व्यापारी बसलेला असतो. त्याच्याकडून ३०० रून्सचं (रून्स म्हणजे शत्रू मारून मिळणारे पैसे, लेव्हलही त्यानेच वाढते) वस्तू बनवायचं क्राफ्टिंग किट आणि मशाल घ्या, काही गुहांमध्ये मशालीशिवाय समोरचं काही दिसत नाही. तिथून गेटफ्रंटच्या पडक्या वस्तीपर्यंत जा. तिथल्या ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या सोनेरी प्रकाशाच्या जागी, बसलं की मेलिना नावाची मुलगी येते, लेव्हल वाढवायची सोय मिळते आणि टॉरंट नावाचा घोडा मिळतो. तोपर्यंत रून्स कशाला जमवतोय तेच मला कळत नव्हतं! त्याच वस्तीच्या तळघरात धार लावायचा चाकू आहे तो घ्या आणि रस्त्यालगतच्या दगडी खांबापाशी मॅपचा तुकडा आहे तोही. घोडा मिळाला की रात्री पुन्हा कॅलेच्या चर्चमध्ये जा, तिथे एक बाई भिंतीवर बसलेली दिसेल, ती घंटा आणि ती वाजवून लढाईत मदतीला बोलवायचे तीन लांडगे देते. हे लांडगे म्हणजे मला सख्ख्या भावासारखे वाटतात, एकट्या माणसाला बॉससमोर, म्हणजे मोठ्या शत्रूसमोर, जो श्वास घ्यायला वेळ लागतो तो ते मिळवून देतात.

रून्सचं गणित नीट समजून घ्या. मेलात की सगळे रून्स मेल्या जागी पडतात, परत जाऊन उचलता येतात, पण उचलायच्या आधी दुसऱ्यांदा मेलात की गेले. माझे एकदा जवळजवळ सहा हजार गेले, त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणून लेव्हलपुरते जमले की आधी जवळच्या ग्रेसवर जाऊन खर्च करा. आणि गोल्डन रून नावाच्या ज्या वस्तू मिळतात त्या लगेच फोडू नका, मेलात तरी त्या बॅगेतच राहतात, लेव्हलला थोडे कमी पडले की तेव्हा फोडायच्या.

आणि व्हिगर, म्हणजे आपला जीव, वाढवा!! मी पहिल्या सगळ्या लेव्हल डेक्स्टेरिटीत, म्हणजे चपळाईत, घातल्या, तलवार जोरात लागेल म्हणून. सामुराईचा व्हिगर १२ असतो, त्यात मार खायची ताकदच नाही. तो २० पर्यंत नेला तेव्हा एका चुकीत मरणं थांबलं आणि चुकलं काय ते बघायला वेळ मिळायला लागला. तलवारीचा जोर तसाही लेव्हलपेक्षा स्मिदिंग स्टोन नावाच्या दगडांनी जास्त वाढतो. लिमग्रेव्हच्या खाणीत भिंतींवर चमकणारे हे दगड आहेत, तलवार +१ करायला दोन, +२ ला चार, +३ ला सहा, आणि इथपर्यंतचं काम कॅलेच्या चर्चमधल्या ऐरणीवरच होतं. चिलखत घालताना वजन बघा, पेलायच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या वर गेलं की रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, इतका जड होतो की डॉज करून उपयोगच नाही.

अजून एक, हा गेम पॉज होत नाही. आई जेवायला बोलवते तेव्हा काय करायचं? शत्रू जवळ नसताना मेनूत जाऊन गेममधून बाहेर पडायचं, परत आलात की त्याच जागी असता. आणि कोणी काय काम सांगितलं ते गेम लिहून ठेवत नाही, म्हणून मी शंभर पानी वही केली होती, कोण कुठे भेटला, कुठला दरवाजा बंद होता, सगळं त्यात.

लिमग्रेव्हच्या तळ्यातल्या पडक्या वास्तूच्या तळघरात एक पेटी आहे. ती उघडली की धूर येतो आणि तुम्ही पार केलिड नावाच्या दुसऱ्या अवघड प्रदेशातल्या खाणीत जाऊन पडता, तिथून मॅपवर टॅप करून सुटताही येत नाही. मी तिथल्या मोठ्या किड्यांसमोर सात-आठ वेळा मेलो. तिथे लढू नका, वाकून, पळत, जसं जमेल तसं बाहेरचं तोंड गाठा. बाहेर लाल आभाळ दिसलं की घाबरू नका, मॅप उघडा आणि लिमग्रेव्हला परत या.

आता मार्गिट, वाटेतला पहिला मोठा बॉस. ग्रेसमधून निघणारी सोनेरी रेघ तुम्हाला स्टॉर्मव्हेलच्या किल्ल्याकडे नेते, म्हणून मीही गेलो, आणि पुलावर तो. पंधरा वेळा मेल्यावर मावसभावाचं बोलणं आठवलं आणि मी सरळ पाठ फिरवून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात गेलो. हा माझा सगळ्यात चांगला निर्णय. तिथल्या तीन चर्चमध्ये सेक्रेड टिअर आहेत, त्याने फ्लास्कची, म्हणजे जीव भरून काढायच्या औषधाच्या बाटलीची, ताकद वाढते, आणि रस्त्याकडेला सोनेरी रोपटं दिसलं की थांबा, तिथे गोल्डन सीड मिळतं, त्याने फ्लास्कची संख्या वाढते. वाटेत आयरिना नावाची आंधळी मुलगी भेटते, वडिलांना चिठ्ठी द्यायला सांगते. चिठ्ठी देऊन कॅसल मॉर्नचा बॉस मारून परत आलो तेव्हा जे दिसलं ते इथे सांगत नाही, पण मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ बसलो होतो.

परत आलो तेव्हा लेव्हल २६, तलवार +३. मार्गिट काठी उचलून मुद्दाम थांबतो, आपण घाबरून रोल करतो आणि मग तो मारतो. म्हणून काठी वर गेल्यावर नाही, हात खाली यायला लागल्यावर रोल करायचा, आणि मागे नाही, त्याच्या अंगाकडे. तो मोकळा असताना फ्लास्क प्यायला गेलात की सोनेरी सुरा फेकतो, तेव्हा तो लांडग्यांत गुंतलेला असतानाच प्या. दाराशी रॉजिअर नावाच्या मदतनीस पात्राची सोनेरी खूण दिसली तर त्यालाही सोबत घ्या, त्यात काही कमीपणा नाही. एकूण सत्ताविसाव्या वेळेला पडला तो. मी इतका ओरडलो की आई बाहेर आली.

मग किल्ल्याच्या दाराशी गेलो तर तिथला पहारेकरी सांगतो की मुख्य दारावर कडक पहारा आहे, डावीकडच्या भगदाडातून जा. मी त्याला लगेच हो म्हटलं.