कंसातला ‘एस’

इंग्रजी फॉर्मवर मला सगळ्यात गमतीचा वाटतो तो कंसातला ‘एस’. ‘अ‍ॅप्लिकंट’ लिहून झालं की त्याच्या मागे हा एवढासा. अर्जदार एकच असेल तर मला वाचू नका, दोघं असाल तर वाचा, असं म्हणत बसलेला. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून 1931 साली छापवला, तिथे आज जॉइंट खातं उघडायला गेलं की हातात पडतो तो या ‘एस’वालाच कागद.

त्याची खरी फजिती होते ‘चाइल्ड’पाशी. तिथे ‘एस’ला प्रवेश नाही, म्हणून कंसात ‘रेन’ बसवतात. ‘पार्टी’ आली की शेवटचा ‘वाय’च उडतो, मग कंसात घालणार काय? आणि क्रियापद? ‘इज’, तिरकी रेघ, ‘आर’. एवढ्याशा सावधगिरीपायी अख्खं वाक्य अडखळतं. बरं, कायद्याला तरी याची कुठे गरज आहे! 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं 13 वं कलम सांगतं की, विषय किंवा संदर्भ आड येत नसेल तर केंद्रीय कायद्यांत एकवचनात अनेकवचन धरायचं आणि अनेकवचनात एकवचन. तरी फॉर्म छापणाऱ्याचा जीव काही थाऱ्यावर येत नाही.

मराठीत हा उद्योग करून बघा. ‘माझा आंबा सडला.’ आता आंबे किती ते गुलदस्त्यात ठेवायचंय. ‘आंबा’ला कंस घालाल, पण ‘माझा’लाही घालावा लागेल आणि ‘सडला’लाही. वाक्यापेक्षा कंसच जास्त. ‘मूल’ तर अनेक झालं की ऱ्हस्व होतं, म्हणजे कंस शब्दाच्या पोटातच घालायला हवा. उलट दगड एक असो की ढीगभर, दगड तो दगडच. आमच्या गुजराती शेजाऱ्यांचं बरं आहे. पुढे आकडा असला की अनेकवचनाचा ‘ओ’ ते खुशाल गाळतात. ‘बे चोपडी आपो’, म्हणजे दोन पुस्तकं द्या, झालं काम! (इंग्रजी मात्र एकाच्या पुढे जरा सरकलं की अनेकवचन लावून मोकळी होते, दीडलासुद्धा. आपल्याकडे ‘दीड पोळी खाल्ली’ हे एकवचनच. नुसत्या अर्ध्या पोळीच्या भरीवर अनेकवचनाचा मान नाही.)

पण संख्या झाकून बोलायचं म्हटलं तर मराठी काही कमी नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या एक मावशी वाड्यात नवं बिऱ्हाड आलं की दुसऱ्या वाक्याला विचारतात, “मूलबाळ काय?” एक, तीन, की अजून काहीच नाही, सगळी उत्तरं त्यात मावतात आणि कोणी ओशाळत नाही. फॉर्मवाल्याला कंस घालूनही हे जमलेलं नाही.

आदरार्थी बहुवचनाची तऱ्हा याहून न्यारी. बाहेरून कोणी ओरडतं, “पाहुणे आलेत!” आत आधण ठेवणारीला काय कळणार? एकटे जावईबापू आलेत की नागपूरहून सगळी वरात उतरलीय? मग ती हातातलं भांडं तसंच धरून दाराच्या फटीतून चपला मोजते. माझ्या मते चपलांइतका भरवशाचा वचनविचार व्याकरणात नाही.

या बाबतीत सगळ्यात निर्धास्त आपली लग्नपत्रिका. ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलं की सुटलो. दोघं या, अकरा या, गावच्या आत्याला घेऊन या. यजमान इतका दिलदार की आकडा विचारणंही त्याला अपमान वाटतो. तो विचारतो केटरर. बडोद्यात भाव डिशीवर ठरतो, त्यामुळे त्याला कंसही चालत नाही आणि परिवारही चालत नाही. वही उघडून तो गुजरातीत विचारतो, “केटली डिश?” म्हणजे किती.

“धरा ना, अडीचशे-तीनशे.”

तो तीनशे लिहितो.